टोमॅटो माजलाय, फुलं गळतायत. युरिया किती आणि कसा द्यावा?

दर आठवड्याला प्रत्येक झाडाला मूठभर युरिया देताय, झाडं कमरेएवढी झाली तरी फळ धरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी दोन-तीन आठवडे युरिया पूर्ण बंद करा. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड पाला वाढवत राहतं आणि मावा-पांढरी माशीही अशाच लुसलुशीत पाल्यावर बसते. झाड नीट पाहा. बुंधा जाड, पानं काळपट हिरवी नि आत वळलेली, फुलांच्या घोसाच्या टोकातूनच पानांचा कोंब निघालेला, अशी लक्षणं असतील तर पीक माजलंय. तसं काही नसेल आणि कडक ऊन चालू असेल तर फुलगळ उन्हाची. मग खतात दोष शोधू नका.

आता हिशोब. युरियात ४६ टक्के नत्र असतं. हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचं असेल तर गुंठ्याला साधारण २.२ किलो युरिया लागतो. तो चार हप्त्यांत विभागला तर एका वेळी ५५० ग्रॅम. गुंठ्यात २५० झाडं धरली तर झाडाला जेमतेम २.२ ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा भरून किंचित वर! मूठ कुठे नि हे कुठे. नेमकी मात्रा माती परीक्षणावरून ठरवा आणि शेणखत, डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांतलं नत्र त्यातून वजा करा.

देण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. युरिया उघड्यावर पडून राहिला की त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. जमीन गरम, ओलसर आणि चुनखडीची असेल तर फार लवकर. म्हणून बुंध्यापासून ८-१० सेंटिमीटर लांब, ४-५ सेंटिमीटर खोल टाकून मातीने झाका आणि हलकं पाणी द्या. भरपूर पाणी सोडलंत तर युरिया मुळांच्या खाली वाहून जाईल. बुंध्याला चिकटून टाकला तर मुळं करपतात. ठिबक असेल तर आठवड्याला थोडा थोडा सोडणं सगळ्यात उत्तम. खत शेवटाकडे सोडा, नंतर नळ्या धुण्यापुरतंच साधं पाणी.

बंद केल्यावर झाड उपाशी राहील ही भीती नको. नत्र खरंच कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी दिसत असतील तर बहुधा लोह किंवा गंधक कमी आहे, तिथे युरिया ओतू नका.