"मी बंद केलं तर बाबांना परत नोकरी मिळेल का?"

"मॅडम, मुलगी आमची, घर आमचं, मोबाइल आमचा. यात कायद्याचा काय संबंध?" मुलांचे व्हिडिओ टाकणारे आईवडील हे मला हमखास विचारतात. मनात कुठेतरी खुपत असतं तेच विचारतात, असा माझा अनुभव आहे. अशा वेळी मला एक कुटुंब आठवतं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते.

मुलगी 11 वर्षांची. आई तिला पोटदुखीसाठी घेऊन आली होती. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, कशातच काही निघालं नव्हतं. दुखायचं ते शनिवारी सकाळी. शाळा आली की पोट दुखणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत, सुट्टीला दुखतं म्हटल्यावर मी कान टवकारले. शनिवार-रविवार शूटिंगचे असायचे. मुलीचं चॅनेल चार वर्षांपासून चालू होतं आणि त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत वडील नोकरी सोडून पूर्णवेळ तेच बघत होते.

तिसऱ्या भेटीत ती एकटीच आत आली. पेनचं टोपण काढघाल करत बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मी बंद केलं तर बाबांना परत नोकरी मिळेल का?"

तिला व्हिडिओंचा तिटकारा होता असं मुळीच नाही. नाच बसवायला तिला मनापासून आवडायचं. पण "आज नको" म्हटलं तर घराचा हप्ता कसा जाणार, याचा हिशोब ती करत होती. तिला कुणी तो करायला सांगितला नव्हता. मुलांना सांगावं लागत नाही.

वडील आले ते तयारीनेच. "आम्ही तिला मारून-मुटकून करायला लावत नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. त्यांच्यावर माझा विश्वास बसला आणि आजही आहे. मी फक्त एक वही दिली आणि कॅमेरा लावल्यापासून बंद होईपर्यंतची वेळ लिहायला सांगितली. दोन आठवड्यांनी ते वही घेऊन आले. पाऊण मिनिटाच्या एका व्हिडिओमागे सव्वातीन तास गेले होते. एक रविवार साडेसहा तासांचा होता. वही माझ्यापुढे ठेवताना त्यांचा आवाज खाली आला होता.

तेव्हा मी कायद्याचं बोलले. भारतात बालकामगार कायद्याखाली 2017 साली बालकलाकारांसाठी नियम झाले. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही, कमाईतला किमान 20 टक्के वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करायचं नाही, हेही त्यात लिहिलंय. हे नियम मुख्यतः सेटवरच्या शूटिंगचा विचार करून झालेत. घरातल्या मोबाइलला ते जसेच्या तसे लावणं सोपं नाही, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. पण सेटवर परक्या माणसाने जे करू नये असं आपण मानतो, ते घरात आपण का करावं?

बाहेर काही ठिकाणी कायदा थेट घरात पोहोचलाय. फ्रान्सने 2020 मध्ये 16 वर्षांखालच्या मुलांच्या व्हिडिओंसाठी कायदा केला. तिथे मूल स्वतः, पालकांच्या संमतीशिवाय, आपले व्हिडिओ काढून टाकायची मागणी करू शकतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जुलै 2024 पासून, ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त व्हिडिओंत दिसणाऱ्या मुलाचा वाटा पालकांना बाजूला ठेवावा लागतो. नाही ठेवला तर मूल मोठेपणी दावा लावू शकतं.

"दावा? आमच्यावर?" वडील दुखावले.

मी त्यांना जॅकी कूगनची हकीकत सांगितली. मूकपटांच्या काळातला बालनट, लाखो डॉलर कमावणारा. सज्ञान झाला तेव्हा हाती फारसं काही उरलं नव्हतं आणि 1938 साली त्याने खरोखरच आई आणि सावत्र वडिलांवर खटला भरला. त्यातूनच कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा आला. तोच कायदा 2025 पासून ऑनलाइन व्हिडिओ करणाऱ्या मुलांनाही लागू झाला आहे.

आईने विचारलं, "पण पैसे यांच्याच खात्यावर येतात ना?" येतात, कारण जाहिरातींचे पैसे घ्यायला सज्ञान व्यक्तीचं खातं लागतं. पण तेवढ्याने ते पैसे पालकांचे होत नाहीत. आपला प्राप्तिकर कायदासुद्धा मुलाने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेलं उत्पन्न मुलाचंच धरतो, आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवत नाही.

माझा आग्रह पैशापेक्षा "नको" म्हणण्याच्या हक्कासाठी होता. पण हे दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात. घरखर्च मुलाच्या कमाईवर चालू लागला की त्याचं "नको" कुणालाच परवडत नाही, अगदी मायाळू आईवडिलांनाही नाही. त्यामुळे कायद्यातल्या 20 टक्क्यांवर मी थांबले नाही. मुलीचे पैसे पूर्ण बाजूला ठेवून घर चालेल अशी वाट शोधा, असं मी स्पष्ट सांगितलं. वडील त्या दिवशी रागावूनच गेले.

महिनाभर कुणी आलं नाही. मग आईचा फोन आला. वडिलांनी अर्धवेळ काम धरलं होतं. मुलीच्या नावाने ठेव सुरू झाली होती, अर्ध्या कमाईची. बाकीची अर्धी अजून घरात लागत होती, आणि ते त्यांनी मुलीला समोर बसवून सांगितलं होतं. शूटिंग फक्त रविवारी, दोन तास. "आज नको"ला कारण विचारायचं नाही, हा नियम मुलीने स्वतः लिहून कपाटाला चिकटवला.

जुने व्हिडिओ काढायची वेळ आली तेव्हा तिने 14 निवडले. तेरांबद्दल वडील काही बोलले नाहीत. चौदावा सर्वांत जास्त पाहिला गेलेला, दातांच्या डॉक्टरांकडे ती रडतानाचा. त्यावर माझ्यासमोर अर्धा तास वाद झाला. शेवटी वडिलांनी फोन तिच्या हातात दिला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.