राष्ट्रीय संशोधन केंद्रात कार्यक्रम, पाहुणे, वेबसाइट सगळं एकाच माणसाकडे असतं, तर आधी काय शिकावं?

तुम्ही लिहिलंय की बेळगाव भागातल्या एका केंद्रात कंत्राटी समन्वयक म्हणून निवड झालीय, सभागृह, गाड्या आणि विश्रामगृहसुद्धा तुमच्याच गळ्यात आहे, आणि वेबसाइटचं काम आधी शिकू की खरेदीचे नियम, असा प्रश्न पडलाय. माझं मत विचाराल तर दोन्ही थांबू द्या. आधी बेळगावचं वर्ष शिका, म्हणजे कुठल्या महिन्यात इथे काय असतं ते.

मी याच जिल्ह्यातल्या एका केंद्रात हेच काम बरीच वर्षं केलं. कुठल्या ते सांगत नाही, त्यातली काही माणसं अजून नोकरीत आहेत. आमच्याकडे या कामाला 'चहापाण्याचं खातं' म्हणायचे. तुमच्याकडेही म्हणतील. राग येईल, येऊ द्या.

सुवर्ण विधानसौध 2012 साली उभं राहिलं तेव्हापासून बहुतेक वर्षी डिसेंबर म्हटलं की इथे कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमदार, सचिव, पत्रकार, बंदोबस्ताचे पोलीस, सगळे बेळगावात. हॉटेलांच्या खोल्या जिल्हा प्रशासन आधीच अडवून ठेवतं, भाड्याच्या गाड्यांचंही तेच. आणि आम्ही राष्ट्रीय चर्चासत्र घेतलं ते नेमकं त्याच आठवड्यात. दीडशेच्या आसपास प्रतिनिधी, तीन दिवस.

ऑगस्टच्या बैठकीत मी सांगितलं होतं. त्या बैठकीला मला बोलावलं होतं ते चहा आणि इतिवृत्तासाठी, तरी मी तोंड उघडलं. आमचे साहेब बाहेरून बदलून आलेले. ते म्हणाले, "अधिवेशनाचा आपल्याशी काय संबंध? आपण केंद्र सरकार." प्रमुख पाहुण्यांना तेवढेच दिवस मोकळे होते, मुख्यालयाची मंजुरी त्याच तारखांना आली, विषय संपला.

मी मात्र वाट बघत बसले नाही. सप्टेंबरपासूनच रोज संध्याकाळी कामावरून सुटले की टिळकवाडीपासून कॅम्पपर्यंत एकेक हॉटेल पालथं घातलं. खोली नाही म्हणाले की मी म्हणायचे, मग तसं लिहून द्या. लोक चक्रावायचे. 'नाही' कुणी लिहून मागतं का? पण मी लेटरहेडवर घ्यायचे, तारीख घालून, शिक्का मारून: अमुक ते अमुक तारखेला एकही खोली शिल्लक नाही. एका मालकांकडे लेटरहेड नव्हतं, त्यांनी कोऱ्या बिलाच्या मागे कन्नडमध्ये चार ओळी लिहून खाली रबरी शिक्का उमटवला. शाई ओली होती म्हणून तो कागद मी स्कूटीच्या सीटवर उलगडून वाळवला. टॅक्सीवाल्यांकडूनही असंच लिहून घेतलं.

शेवटी ज्येष्ठ शास्त्रज्ञ आमच्याच विश्रामगृहात, तरुण मंडळी खानापुरात, आणि पुण्या-कोल्हापूरकडचे संकेश्वरला, हमरस्त्याला लागून. गाड्या खानापूरच्या, पिवळ्या पाटीच्या. वडापवाले (शेअर जीपवाले) स्वस्तात यायला तयार होते, पण बिल आणि परमिट नसलेली गाडी सरकारी कामाला चालत नाही. तिथे मोहात पडू नका.

वेबसाइटवर तोपर्यंत काय होतं? 'प्रतिनिधींची निवासव्यवस्था शहरातील हॉटेलांत.' ती एक ओळ बदलायला फाईल आधी विभागप्रमुखांकडे, मग नोडल अधिकाऱ्यांकडे, मग ठेकेदार कंपनीकडे. ओळ बदलली तेव्हा लोक रेल्वेत बसलेले होते. बेंगळुरूहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघालेल्या एका प्राध्यापक बाईंनी रात्री फोन करून विचारलं, "मॅडम, मी नक्की उतरू कुठे?" मी म्हटलं, स्टेशनवरच थांबा, आमचा माणूस पाटी घेऊन येईल.

चर्चासत्र पार पडलं. कुणी उपाशी राहिलं नाही, एकही सत्र उशिरा सुरू झालं नाही. नंतर लेखा विभागाने विचारलंच, बेळगावात असताना संकेश्वरचं बिल कशाला? मी नकारांचा गठ्ठा पुढे ठेवला. ऑडिटमध्ये आक्षेपाचा एक परिच्छेदसुद्धा निघाला नाही.

आणि आढावा बैठकीत साहेब काय म्हणाले? "बघा, सगळं व्यवस्थित झालं. म्हणजे तारीख बरोबरच होती."

हे वाक्य मला अजून झोंबतं. व्यवस्थित झालं ते तारीख चुकीची असूनही झालं, आणि ते ज्यांनी केलं त्यांना तारीख ठरवताना विचारलं नव्हतं. संशोधन कशावर करायचं हे शास्त्रज्ञांनीच ठरवावं, त्यात मी नाक खुपसणार नाही. पण माणसं कधी बोलवायची हे ज्याला खोल्या, गाड्या आणि रस्ते माहीत आहेत त्याला विचारल्याशिवाय ठरवूच नये. रुजू झाल्यावर पहिली मागणी हीच करा: तारखेच्या बैठकीत खुर्ची. तोंडी नको, टिपणी लिहून द्या.

तर बेळगावचं वर्ष. डिसेंबर वर सांगितला. त्याच सुमारास मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लमा यात्रा, तेव्हा बस मिळत नाही. 1 नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे आपल्या लोकांचा काळा दिन. शहरातून पाहुण्याची गाडी काढायची नाही. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्रही तशीच. पावसाळ्यात गोव्याला उतरून चोर्ला घाटाने येतो म्हणणाऱ्याला आधी रस्त्याची अवस्था सांगा. सीमाप्रश्न तापला की कोल्हापूरची एसटी बंद होते, डिसेंबर 2022 मध्ये झाली होती. माझ्या मते इथे राष्ट्रीय कार्यक्रमाला जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी उत्तम. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळेची मुलं येतातच, तयारी त्याच्याबरोबरच होऊन जाते.

भाषेचंही सांगते. कर्नाटक केंद्राच्या राजभाषा नियमांत 'ग' क्षेत्रात येतं, त्यामुळे पाट्या कन्नड, हिंदी, इंग्रजी. पाटीवर मराठी येणार नाही, त्यासाठी भांडू नका. पण खानापूरकडच्या शेतकऱ्यांच्या हातात द्यायचं माहितीपत्रक कन्नडबरोबर मराठीतही काढा. मी काढत होते, मला कुणी अडवलं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. दोन्हींतलं आधी खरेदी. सामान्य वित्तीय नियम 2017 मधलं खरेदीचं प्रकरण, जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल आणि तुमच्या केंद्राचे आर्थिक अधिकार कुणाला किती, एवढं पहिल्या महिन्यात पक्कं करा. सरकारी खर्चाचं विमान तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी यांच्याकडूनच काढायचं असतं. पाहुण्याने दुसरीकडून काढलं की परताव्याला महिनोन्महिने लागतात, म्हणून निमंत्रणपत्रातच लिहा. परदेशी पाहुणा विश्रामगृहात उतरला की 24 तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते. ते काम रखवालदारावर सोडू नका.

वेबसाइटचा तांत्रिक भाग ठेकेदार बघतो. सुरक्षा ऑडिट, दिव्यांगांना वापरता येईल अशी रचना, माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 खालची माहिती, हे वेळच्या वेळी होतंय का तेवढं बघा. पण एक पान स्वतःकडे ठेवाच: 'कसे याल, कुठे राहाल'. ते बदलायची एकदाच लेखी परवानगी काढून ठेवा, दर ओळीला फाईल फिरवायला लागू नये. गावाकडून येणारा माणूस आणि दिल्लीहून येणारा, दोघंही तेवढंच पान उघडतात.

हे सगळं माझ्या केंद्राचं झालं. मोठ्या केंद्रांत यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या माणसाकडे असते, तिथे खुर्ची मागितली तर हसतील. तुमचे साहेब समजूतदार असतील तर टिपणीचीही गरज पडणार नाही, आधी बोलून बघा. आणि तुम्ही कंत्राटी आहात, म्हणून बिलावर किंवा पुरवठादाराच्या करारावर स्वतःची सही करू नका. तयार करून द्या, सही अधिकाऱ्यांची. नकाराची पत्रं मात्र स्वतः जाऊन आणा.