गडग्याला लागलेली गाडी आणि तुझी सही

बाबू,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. शिव्या वगळल्या तर मजकूर एवढाच उरतो: वाडीतून पार्सलची गाडी मागे घेताना कोपरा गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागला, दोन चिरे खाली आले, मागचा दिवा फुटला. घरातल्या आजींनी तुला पाणी दिलं, त्यांच्या मुलाने चिरे परत रचले आणि तिथला विषय तिथे संपला. हबवर, म्हणजे जिथून पार्सलं निघतात त्या कंपनीच्या गोदामात, मात्र तो सुरू झाला. तुझ्या नावावर 'टाळता येण्याजोगा अपघात' असा फॉर्म भरला गेला, दिव्याचे पैसे पगारातून कापायचं ठरलं, आणि वर तोच सुरक्षेचा व्हिडिओ पुन्हा बघायला बसवलं. तू विचारतोस, नोकरी सोडू का. ते नंतर बघू. आधी हे सांग, त्या फॉर्मवर सही केलीस का?

केली नसशील तर मजकूर नीट वाचल्याशिवाय करू नकोस. केली असशील तरी हातपाय गाळू नकोस, आजच साध्या कागदावर मराठीत आपलं म्हणणं लिहून दे. कसं लिहायचं ते पुढे सांगतो. पण आधी हे फॉर्म असे का असतात ते समजून घे, नाहीतर तुला वाटेल सुपरवायझरच दुष्ट आहे. तो दुष्ट नाही. त्याच्या डोक्यावर जिल्ह्याचा माणूस बसलाय, त्याच्या डोक्यावर पुण्याचा, आणि प्रत्येकाला महिनाअखेर एक आकडा वर पाठवायचा असतो.

मी निम्मं आयुष्य स्टिअरिंगवर काढलं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर एका कुरिअरवाल्याच्या हबमध्ये टेबलामागे बसलो, म्हणून दोन्ही बाजू बघितल्यात. आमच्या फॉर्मवर दोन चौकोन असायचे, टाळता येण्याजोगा आणि न टाळता येण्याजोगा. दुसऱ्यात खूण करायची तर साक्षीदार हवा, फोटो हवेत, पोलिसांचा कागद हवा, वरच्या साहेबाची मंजुरी हवी. पहिल्यात खूण केली की फाइल बंद. मग खूण कुठे होणार? कडेला उभ्या असलेल्या गाडीला डंपर घासून गेला, तरी 'उभी करण्याची जागा चुकीची निवडली' असा शेरा मारून पहिलाच चौकोन भरलेला मी पाहिलाय. ड्रायव्हर तेव्हा गाडीत नव्हताच, पार्सल घेऊन समोरच्या घरात गेला होता.

आता तुला ज्या नियमात अडकवलंय तो घे. मदतनिसाशिवाय गाडी मागे घेऊ नये. नियम वाईट नाही, मदतनीस दिला असता तर मीही त्याची बाजू घेतली असती. पण तुमच्या गाडीत तू आणि पार्सलं, तिसरं कोणी नाही. निवळी फाट्यावरून जाकादेवी, चाफ्याकडे जाताना कुठल्याही वाडीत गाडी घाल. एका अंगाला गडगा, दुसऱ्या अंगाला पऱ्या, म्हणजे ओढा, रस्ता जेमतेम रिक्षापुरता, आणि शेवट कुणाच्या तरी खळ्यात, म्हणजे अंगणात. एकतर मागे जात आत शिरायचं, नाहीतर मागे जात बाहेर पडायचं. हा नियम ज्याने लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर गाडी वळवायला जागा असलेला रस्ता होता.

तसंच ते बुटांचं. पोलादी टोपीचे जड बूट गोदामात ठीक, पायावर खोका पडला तर बोटं वाचतात. पण श्रावणात जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर, हिरवं शेवाळ धरतं, तिथे तो कडक तळ कसा सरकतो ते तुला सांगायला नको. घर वर सड्यावर, गाडी खाली रस्त्यावर, मध्ये पाखाडी, खांद्यावर मिक्सरचा खोका. गावातली माणसं तिथे रबरी चप्पल घालतात किंवा अनवाणी जातात, ती काही वेडी नाहीत. आणि तो केबिनमधला कॅमेरा. रस्त्यावर गुरं बसलेली दिसली आणि ब्रेक दाबला की 'तीव्र ब्रेक' म्हणून तुझा गुण कापणार. न दाबता गाय उडवली तर कुठला गुण देणार, ते एकदा विचार त्यांना. मासळीच्या गाडीतून सांडलेल्या पाण्यावर टायर सरकला तर त्या यंत्राला फक्त हिसका कळतो, पाणी दिसत नाही.

नकाशाचं तर बोलायलाच नको. जयगडच्या पलीकडे तवसाळ, मध्ये शास्त्री नदीची खाडी. फोनवर ते हाताच्या अंतरावर दिसतं. फेरीबोट चुकली तर पुढचीची वाट बघायची, नाहीतर भातगावच्या पुलावरून वळसा घालायचा. हा वेळ कुठल्याही वेळापत्रकात धरलेला नसतो.

पण सगळेच नियम फालतू आहेत असं समजून मोकळा होऊ नकोस. गाडी हलवण्यापूर्वी तिच्याभोवती एक चक्कर मारा, हा नियम तू मेसेजमध्ये बाकीच्यांच्या ओळीत बसवलास, ते मला आवडलं नाही. वाडीत पोर गाडीच्या मागे कधी येऊन बसेल सांगता येत नाही. ती चक्कर मारायला अर्धं मिनिट लागतं, आणि दिवसभराच्या सगळ्या थांब्यांचा हिशेब केला तर बराच वेळ जातो हेही खरं. तो जाऊ दे. पट्टा, हेल्मेट, चालत्या गाडीत फोन नाही, यावरही माझ्याशी वाद घालू नकोस. हबवरून चालत्या गाडीत फोन आला तर उचलायचा नाही. पुढे जागा बघून गाडी कडेला घ्यायची आणि मग उलटा फोन लावायचा. ओरडले तर ओरडू देत.

खरी गोम वेगळीच आहे. तुझ्याकडे दोन हुकूम आहेत. एक नियमांच्या पुस्तकात, एक फोनवरच्या पार्सलांच्या यादीत. दोन्ही एकाच दिवसात पुरे होत नाहीत, हे वरच्यांना माहीत आहे. ज्या दिवशी तू यादी संपवतोस त्या दिवशी पुस्तक कोणी उघडत नाही, आणि ज्या दिवशी दिवा फुटतो त्या दिवशी यादीचं नाव कोणी काढत नाही. पुस्तकावर तुझी सही आहे, 'मला प्रशिक्षण मिळालं, मला समजलं.' यादीवर कोणाचीच सही नाही. म्हणजे तू रोज नियम मोडून वेळ पाळतोस तेव्हा त्यांचं काम भागतं आणि तुझ्याविरुद्धचा पुरावा आयता तयार होतो.

कायदा या बाबतीत तुला वाटतो तितका आंधळा नाही. १९८८चा मोटार वाहन कायदा आहे ना, त्याचं कलम १८३ वाच. वेगमर्यादा मोडणाऱ्या ड्रायव्हरला दंड आहेच, पण आपल्या हाताखालच्या माणसाला ती मोडायला लावणाऱ्यालाही आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की अमुक प्रवास अमुक वेळात संपवा असं वेळापत्रक किंवा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा न मोडता तो त्या वेळात होणं शक्य नाही असं कोर्टाला वाटलं, तर तो हुकूम हाच देणाऱ्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा. हे बसवाल्यांपासून टेंपोवाल्यांपर्यंत सगळ्यांना लागू आहे. उद्या कोर्टात जा असं मी म्हणत नाही, हबवाल्यांना कलम ऐकवत बसू नकोस. पण यादीचा स्क्रीनशॉट रोज सकाळी काढून ठेव. तारीख, वेळ, किती पार्सलं, कुठकुठली गावं. हुकूम कुठेतरी दिसला पाहिजे.

दिव्याच्या पैशांचं. नुकसानीपोटी पगार कापायचा तर नुकसान तुझ्या हयगयीमुळे झालेलं असावं लागतं, आणि कापण्याआधी तुला तुझी बाजू मांडायची संधी द्यावी लागते. १९३६च्या पगाराच्या कायद्यात हे होतं, २०१९च्या वेतन संहितेतही आहे. पण इथे एक मेख आहे. तुझ्या करारात 'कर्मचारी' लिहिलंय की 'भागीदार', ते बघ. भागीदार म्हणून घेतलं असेल तर ते म्हणतील हा पगारच नव्हे. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द आले खरे, पण त्याने दिव्याचे पैसे परत मिळत नाहीत. करार मला दाखव, मग बोलू.

आणि देव न करो, मोठं काही झालं तर. कामावर असताना कामगार जखमी झाला तर भरपाई द्यायची, चूक कोणाची हे बहुतेक वेळा बघायचं नाही, हे तत्त्व आपल्याकडे १९२३च्या कायद्यापासून आहे. त्याला अपवाद कोणते? दारू पिऊन असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन काढून टाकणं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हे अपवादही चालत नाहीत, पण पाय मोडून तीन महिने घरी बसलास तर चालतात. आता परत त्या 'मला समजलं'च्या सहीकडे बघ. म्हणून मी पट्ट्यावर आणि हेल्मेटवर एवढा अडून बसतो.

दुसऱ्या कोणाला लागलं तर पळायचं नाही. जखमीला आधी, १०८ला फोन, मग पोलीस. जमाव मारायला उठला तर तिथे उभं राहून मार खा असं कायदाही म्हणत नाही, सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं. जानेवारी २०२४मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला होता तो याच भीतीने, अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंतची शिक्षा नव्या भारतीय न्याय संहितेत आली होती म्हणून. १ जुलै २०२४ला संहिता लागू झाली ती तेवढं पोटकलम बाजूला ठेवून. त्याचा अर्थ पळायला मोकळीक मिळाली असा काढू नकोस. कळवण्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्यात पूर्वीपासून आहे.

तुमच्या हबमध्ये 'अपघातमुक्त महिना' झाला की सगळ्यांना बक्षीस मिळतं म्हणालास. माझ्या मते सगळ्यांत घातक धोरण ते आहे. एकाने खरचटलं म्हणून सांगितलं की दहा जणांचं बक्षीस जातं, मग कोण सांगेल? गुडघा सुजलेला पोरगा गोळी खाऊन गाडी चालवतो आणि आरशाला गेलेला तडा चिकटपट्टीने झाकला जातो. आकडा शून्य राहतो. ज्या वळणावर तिघांच्या गाड्या घसरल्या त्या वळणाची चौथ्याला खबर नसते. हबवाल्यांना नका सांगू हवं तर, पण आपसांत तरी सांगा. तुम्हा पोरांचा ग्रुप आहेच, त्यात वाढदिवसाचे केक कमी आणि असल्या जागा जास्त टाका. कुठल्या वाडीत गाडी फाट्यावरच ठेवायची, कुठल्या घरी कुत्रा सोडलेला असतो, कुठला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पावसात टाळायचा.

आता काय करायचं ते. रिव्हर्सच्या नियमाचं, तू तो पाळ. खरंच पाळ. मदतनीस नाही म्हणून गाडी फाट्यावर उभी कर, पार्सल घेऊन चालत जा. वेळ लागेल, यादी उरेल. उरलेल्या पार्सलांचं कारण हबच्या ग्रुपवर लिही: 'अमुक वाडीत मदतनिसाशिवाय रिव्हर्स घ्यावा लागला असता, म्हणून चालत गेलो.' टोमणा नाही, उद्गारचिन्ह नाही. एकट्याने केलंस तर आठवड्यात तुला काढतील आणि कामचुकार म्हणतील, हे मी लपवत नाही. म्हणून आधी बाकीच्यांशी बोल. चारपाच जणांनी एकाच भाषेत तेच लिहिलं की ते वर जातं, कारण तेव्हा आकडाच हलतो. एवढ्या लोकांना एकदम काढणं गणपतीच्या तोंडावर कोणाला परवडत नाही. चाकरमानी यायच्या आधीचे पंधरा दिवस गोदामं कशी भरतात ते तू बघितलंयस. बोलायची वेळ तीच.

नोकरी सोडण्याचं मला आज सांगता येत नाही. घरचे हप्ते किती, गाडी कोणाच्या नावावर, लायसन्स साधं हलक्या वाहनाचंच आहे का, हे कळल्याशिवाय सल्ला देणं म्हणजे तोंडाची वाफ. लायसन्सवर 'ट्रान्सपोर्ट' लिहिलेलं नाही म्हणून विमा मिळणार नाही अशी कोणी भीती घातली तर घाबरू नकोस. साडेसात हजार किलोच्या आतली मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलंय. तुझी गाडी त्यात सहज बसते.

म्हणणं एका पानात लिही. तारीख, वेळ, वाडी. रस्त्याची रुंदी टेपने मोजून लिही, अंदाजाने नको. पाऊस होता का. मदतनीस मागितला होता का, कधी, कोणाकडे. त्या दिवशी यादीत किती पार्सलं होती. गडग्याचा आणि रस्त्याचा फोटो उद्याच जाऊन काढ, आणि आजींच्या मुलाला विचार, आमचं काही म्हणणं नाही एवढं लिहून देतो का. शेवटी 'रक्कम कापण्यापूर्वी माझं म्हणणं ऐकावं ही विनंती' असं लिही आणि सही कर. दोन प्रती काढ. एक सुपरवायझरला दे, दुसरीवर त्याच्याकडून तारीख घालून पोच घे. शिक्का नसला तरी चालेल. पोच द्यायला नाही म्हणाला तर त्याच्यासमोर वाद घालू नकोस, तोच कागद स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती मला फोटो काढून धाड.

तुझा
काका