बंद शेड पंचायतीला फुकट मिळतेय, साफसफाईला सरकारी निधी मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की पंचायतीला एक बंद पडलेली शेड फुकटात मिळतेय. वर सिमेंटचे पत्रे, खाली ऑइलने काळी पडलेली जमीन, आणि तिथे वाचनालय नि नाटकाच्या तालमीला जागा करायची आहे. अमेरिकेत अशा जागांना "ब्राउनफील्ड" म्हणतात आणि त्या साफ करायला सरकार अनुदान देतं, तसं गोव्यात काही आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

त्या नावाने काही नाही. दुसऱ्या नावांनी थोडंफार आहे, ते खाली सांगतो. पण आधी मला सांगा, "फुकटात" हा शब्द पहिल्यांदा कोण बोललं? आमच्याकडे माझा मेव्हणा बोलला होता.

मी डिचोली तालुक्यातला. आमच्या गावच्या शेडमध्ये मी १९९८ पासून २०१२ पर्यंत मेकॅनिक होतो. खाणीचे टिप्पर दुरुस्तीला यायचे. सहा पिट होते. ऑइल बदलायचं म्हणजे पिटमध्ये उतरून ड्रेन प्लग खोलायचा, खाली डबा धरायचा, डबा भरला की बॅरलमध्ये रिकामा करायचा. बॅरल भरलं की? सिझनमध्ये रात्री आठ-दहा गाड्या रांगेत, ड्रायव्हर हॉर्न मारतायत, सकाळी पहिल्या ट्रिपला गाडी हवी. मग पिटच्या कोपऱ्यात एक भोक होतं, त्यात. ते भोक कुठे जातं हे आम्ही कधी विचारलं नाही. चिऱ्याची जमीन, पीत राहायची. ब्रेक ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारायची, पांढुरकी धूळ उडायची, आम्ही तोंडाला फडकंसुद्धा बांधत नसू. त्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं हे मला नोकरी गेल्यावर कळलं. गावातले लोक कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून काळं ऑइल मागायला यायचे. मीच बाटल्या भरून द्यायचो.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. २०१४ ला ती उठली, पण आमची शेड काही उघडली नाही. २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून परत सगळं ठप्प. त्यानंतर वर्षभरात मालकाने शेड पंचायतीला देऊ केली. तोवर माझा मेव्हणा पंच झाला होता. ग्रामसभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "एवढी जागा फुकटात मिळते, आणखी काय पाहिजे?" टाळ्या पडल्या. आमच्या गावात जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं आणि तालीम देवळाच्या अग्रशाळेत, बारशी-मुंजीच्या तारखा चुकवून. त्यामुळे टाळ्या मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

मग एस्टिमेट आलं. नवा पत्रा, कोबा, रंग, स्टेज, दोन टॉयलेट, उद्घाटनाची कोनशिला. पिटचं काय? "रबल टाकून भरणे." मी उठून म्हटलं की भरण्याआधी निदान खालची चार फूट माती काढा, ती काळी आहे, तिथून विहीर शंभर पावलंसुद्धा लांब नाही. मेव्हणा हसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तेल तुवेंच ओतिल्लें मरे भावोजी!" अख्खी ग्रामसभा हसली. मी खाली बसलो.

तो बोलला ते खरंच होतं. मीच ओतलं होतं. पण म्हणूनच कुठे ओतलं ते मलाच ठाऊक होतं ना?

जेईला, म्हणजे एस्टिमेट करणाऱ्या ज्युनियर इंजिनिअरला, मी नंतर बाजूला घेऊन विचारलं. तो मुलगा सज्जन होता. म्हणाला, काका, माती तपासायचा आयटमच नाही दरपत्रकात, मी कुठल्या हेडखाली घालू? हे समजून घ्या, कारण तुमचं घोडं इथेच अडणार आहे. केंद्रीय बांधकाम खात्याच्या दरपत्रकात अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा उतरवायचा दर आहे, पण तो पत्रा उतरवून ५० मीटरच्या आत रचून ठेवण्याचा. पुढे त्या ढिगाचं काय करायचं, हा प्रश्न त्या दरात येतच नाही. आमच्याकडे पोरांनी हातोड्याने पत्रे फोडून उतरवले, नियमाप्रमाणे ५० मीटरच्या आत रचले, आणि आठ दिवसांत ढीग गायब. कुणाचा गोठा झाला, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं.

पहिल्या पावसात काय व्हायचं ते झालं. जुलैत जमिनीतलं पाणी वर आलं, तेल पाण्यावर तरंगतं, कोब्याच्या सांध्यांतून पाझरायला लागलं. सकाळी तालमीला पोरं गेली तर तबल्याची चुंबळ खालून काळीकुट्ट झालेली, चटईवर बशीएवढे डाग. वास मी दारातूनच ओळखला. चौदा वर्षं तो वास घरी नेला होता. पंचायतीने काय केलं? वरून टाइल्स बसवल्या. त्याला मात्र पैसे होते.

मी माझ्या खिशातून विहिरीचं पाणी लॅबमध्ये तपासून घेतलं. रिपोर्ट चांगला आला. मेव्हण्याने त्याची झेरॉक्स काढून पंचायतीच्या बोर्डावर लावली. त्या रागाने दोन चवथी मी सासुरवाडीला गणपतीवरची माटोळी बांधायला गेलो नाही. बायको अजून त्यावरून बोलते. पण मी पाणी तपासा म्हटलंच नव्हतं, माती तपासा म्हटलं होतं. माती आजपर्यंत कुणी तपासलेली नाही.

आता निधी. अमेरिकेतल्या २००२ च्या कायद्यातली घेण्यासारखी गोष्ट रक्कम नाही, क्रम आहे. तिथे जागा तपासायला अनुदान वेगळं, साफ करायला वेगळं. आपल्याकडे पैसा थेट रंगापासून सुरू होतो. पणजीची जुनी गोमेकॉ, म्हणजे मेडिकल कॉलेजची इमारत, २००४ च्या इफ्फी चित्रपट महोत्सवासाठी बघता बघता चकाचक झाली, म्हणजे जुन्या इमारतीला पैसा मिळत नाही असं नाही. उद्घाटनाची तारीख ठरलेली असली की मिळतो.

तुमचा गाव खाणपट्ट्यातला असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जा. २०१५ च्या दुरुस्तीने ते आलं. जुन्या लीजवाल्यांनी रॉयल्टीच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि लिलावातून लीज घेतलेल्यांनी १० टक्के त्यात भरायचे असतात. हा पैसा खाणीने बाधित भागासाठीच, आणि अग्रक्रमाच्या कामांत पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यांच्याबरोबर प्रदूषण नियंत्रण सरळ लिहिलेलं आहे. तुमच्या अर्जावर मोठ्या अक्षरात तेच लिहा. "समाजगृह दुरुस्ती" लिहिलंत की तुम्ही रस्ते-गटारांच्या रांगेत गेलात. आम्ही तेच लिहिलं होतं.

वित्त आयोगाच्या पैशावर भिस्त ठेवू नका. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या आयोगात पंचायतीचा ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, उरलेल्या ४० टक्क्यांत सगळा गाव. खासदार निधी टिकाऊ मालमत्ता उभी करायला असतो, काळी माती उचलून नेणं त्यात कसं बसवणार? स्टेज मात्र बसेल.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित जागांचे नियम काढले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, मग ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढच्या ९० दिवसांत सविस्तर. घाण कुणी केली ते शोधून त्याच्याकडून खर्च वसूल करायचा, आणि तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्याने सोय करायची. वाचून मी खूश झालो होतो. मग पुढे दिसलं की खाणकामामुळे झालेलं प्रदूषण यातून वगळलंय, कारण त्याला वेगळा कायदा आहे म्हणे. गोव्यात राहून हे वाचायचं! तुमची शेड फॅक्टरीची असेल तर हा नियम तुम्हाला लागू पडेल, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. वर्कशॉपची असेल तर वर्कशॉप म्हणजे खाण नव्हे, असं ठासून म्हणा. माझं मत तरी तेच आहे, वकील मी नाही.

पण या सगळ्याच्या आधी, ताबा घेऊ नका. मालक फुकट देतोय तर का देतोय? वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, ते उचलायचा खर्च त्याला टाळायचा असेल. देणगीच्या कागदावर सही व्हायच्या आत मातीचा रिपोर्ट त्याच्याच पैशाने मागा. सही झाली की घाण पंचायतीची. आमच्या शेडच्या कागदावर "जशी आहे तशी" असे तीन शब्द आहेत. मेव्हण्याला मी ते दाखवले तेव्हा तो म्हणाला, सगळ्याच कागदांवर असतात.

पत्र्याबद्दल, घाबरून फोडायला जाऊ नका. जुना सिमेंटचा पत्रा म्हणजे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला, पण शाबूत आहे तोवर तो निमूट असतो. फोडला, कापला, ड्रिल मारला की धागे सुटतात, आणि छातीचा आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. उतरवायचाच तर ओला करून, अख्खा, स्क्रू काढून. मग जाड प्लास्टिकमध्ये बांधून पिसुर्लेला घातक कचऱ्याचा प्रकल्प आहे तिथे. वाहतूक आणि तिथली फी एस्टिमेटमध्ये आधीच घाला, नंतर कोणी देत नाही. आणि आवारात जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याचं तेल कुणाला काढू देऊ नका, वीज खात्याला कळवा. काही जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी नावाचं रसायन असतं, २०१६ च्या आदेशाने ते वापरायची मुदत २०२५ अखेरपर्यंतच होती.

हेही सांगून टाकतो. त्या गायब झालेल्या ढिगातले चार पत्रे माझ्या लाकडांच्या खोपीवर आहेत. ग्रामसभेत मी खाली बसलो त्याच महिन्यात आणले. रंग मारून ठेवलेत, हात लावत नाही, नातवंडांना तिथे खेळू देत नाही. मेव्हण्याला हे माहीत आहे, म्हणूनच तो माझं ऐकत नाही.

आणि तुमच्या शेडमध्ये पिट कुठे होते, भोक कुठे होतं, बॅरल कुठे पालथी व्हायची हे कुठल्याच नकाशात मिळणार नाही. तिथे काम केलेला कोणीतरी गावात असेलच. त्याला ग्रामसभेत विचारू नका. संध्याकाळी त्याच्या घरी जा, चहा घ्या, आणि तो सांगेल तिथे तिथे खडूने खूण करून घ्या.