एचबीए१सी ६.१, पण साखर ८८: आधी फेरिटिन करा

तुमचे आकडे असे: वय ३४, उपाशीपोटी साखर ८८, जेवणानंतर दोन तासांनी ११२, एचबीए१सी ६.१, हिमोग्लोबिन ९.४, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६८, पाळीत अंगावरून खूप जातं. आणि त्या एका ६.१ वरून मधुमेहाची भीती घेऊन सासूबाईंनी तुमचा भात बंद केला!

आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत. एचबीए१सी ६.१ म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर साधारण १२८ धरतात. तुमची जेवणानंतरचीसुद्धा ११२ आहे, मग सरासरी १२८ कुठून येणार?

ही तपासणी साखर थेट मोजत नाही. हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि लोणच्यात मीठ मुरावं तशी तिच्यात साखर मुरत जाते. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्यांचं प्रमाण वाढतं आणि साखर नॉर्मल असूनही टक्का चढतो. सहसा फरक थोडाच असतो, पण ५.७ ही मधुमेहपूर्व स्थितीची सीमारेषा ओलांडायला तेवढा पुरतो. उपाशीपोटीच्या साखरेवर याचा फारसा परिणाम होत नाही.

तुमचं कमी हिमोग्लोबिन, कमी एमसीव्ही आणि पाळीतला रक्तस्राव लोह कमी असल्याकडेच बोट दाखवतात. तेव्हा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. १५ च्या खाली आलं तर लोह संपल्यात जमा. बरेच डॉक्टर ३० च्या खालीही उपचार देतात. अंगात ताप किंवा सूज असताना करू नका, तेव्हा ते खोटं वाढलेलं दिसतं. सीबीसीमध्ये आरबीसीची (तांबड्या पेशींची) संख्याही बघा. एमसीव्ही इतका कमी असून संख्या ५ दशलक्षांच्या वर असेल तर थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनच्या सौम्य आनुवंशिक दोषाची) शंका येते, त्यासाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) लागतं. तसं निघालं तर नुसत्या लोहाच्या गोळ्या खाऊन एमसीव्ही सुधारणार नाही आणि एचबीए१सीवरही फार विसंबता येणार नाही.

साखरेची शंका राहिलीच तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची जीटीटी (ग्लुकोज पिऊन साखर मोजायची तपासणी) करा. दोन तासांनी १४० च्या आत आली तर ठीक. मात्र उपाशीपोटी कधी १२६ किंवा त्याच्या वर आली, तर लोहाच्या नावावर खपवू नका, डॉक्टरांना दाखवा.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, चहासोबत नको (आपल्याकडे नेमकी तीच सवय). सुरू केल्यावर नव्या पेशी भराभर येतात आणि एचबीए१सी उलट खाली घसरतं, म्हणून महिनाभरात घाईने करू नका. हिमोग्लोबिन १२ च्या वर स्थिरावून तीन महिने झाले की करा. आणि रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आत्ताच जा, नाहीतर गोळ्या बंद झाल्या की पुन्हा हेच सुरू होईल. भात खा, बिनधास्त.