कॉलेजच्या अभिलेखागारात फोटोंच्या संग्रहावर इंटर्नशिप करावी का? तिथे नेमकं काय काम असतं?

करा, नक्की करा. तुम्ही लिहिलंय की इतिहासात एम.ए. चालू आहे, कॉलेजच्या अभिलेखागारात दोन महिन्यांची जागा मिळते आहे, पण "जुने फोटो नीट लावून ठेवायचे" एवढंच काम सांगितल्यामुळे मन घेत नाही. मलाही हेच सांगितलं होतं. पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजात मी तीन महिने हे काम केलं. त्यातले पहिले दोन दिवस मीही खरंच "लावून ठेवत" होते आणि तिसऱ्या दिवशी त्याचे परिणाम समोर आले. तिथूनच सांगते, कारण या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी त्या दिवशी शिकले.

ग्रंथालयामागच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं होती. त्यांत चपलांचे खोके, मिठाईचे पुठ्ठ्याचे डबे, खाकी पाकिटं, आणि या सगळ्यांत मिळून सतराशेच्या आसपास फोटो. मी एक जाड पाकीट उघडलं. आत चाळीसेक फोटो: गॅदरिंगमधलं नाटक, क्रिकेटचा संघ, एका प्राचार्यांचा निरोपसमारंभ, हॉस्टेलची अर्धवट बांधलेली भिंत. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध दिसेना. मी टेबलावर छान गठ्ठे केले. नाटकं एकीकडे, खेळ एकीकडे, इमारती एकीकडे. रिकामं पाकीट रद्दीच्या ढिगावर ठेवलं.

अभिलेखागार सांभाळणाऱ्या मॅडम आल्या, टेबलाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कुठल्या पाकिटातून निघालं?"

पाकीट रद्दीतून परत काढलं. त्याच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "12.7.61 नंतर". पुण्याच्या माणसाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठचं पुणे पाण्याखाली गेलं. मग मी फोटो पुन्हा हातात घेतले आणि आधी न दिसलेली गोष्ट दिसली. प्रत्येक फोटोवर एक तपकिरी रेघ होती, गाळाची. नाटकाच्या फोटोवर ती नटाच्या गुडघ्याजवळून गेली होती, क्रिकेटच्या फोटोवर बसलेल्या खेळाडूंच्या खांद्यांवरून. ते फोटो एकत्र होते ते विषयामुळे नव्हे, तर एकाच खणात एकत्र भिजल्यामुळे. कोणीतरी ते पाण्यातून काढले, वाळवले आणि एका पाकिटात घालून जपले. मी ती हकीकत दहा मिनिटांत मोडून टाकली होती.

दोन दिवस बसून मी तो क्रम परत जुळवला. डागाची कड एका फोटोवरून खालच्या फोटोवर कशी सरकते ते बघत बघत बहुतेक थप्पी पुन्हा उभी राहिली. पाच फोटो मात्र कुठेच बसले नाहीत, आणि नोंदीत तसं लिहून ठेवलं आहे.

अभिलेखागाराच्या भाषेत याला मूळ क्रम म्हणतात. वस्तू कोणाकडून आली, कशासोबत आली, कुठल्या क्रमाने होती, हे मोडायचं नाही. ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावतात म्हणून आपल्याला वाटतं की इथेही तसंच करायचं. पण छापील पुस्तकाची ओळख त्याच्या पोटातच असते. फोटोची बहुतेक ओळख त्याच्या बाहेर असते: पाठीवरच्या शिक्क्यात, माउंटवरच्या (फोटो चिकटवलेल्या जाड पुठ्ठ्यावरच्या) ओळीत, पाकिटावर, शेजारच्या फोटोत. तेवढं गेलं की उरतात अनोळखी चेहरे. विषयवार शोधायची सोय सूचीत करता येते, त्यासाठी फोटो हलवावे लागत नाहीत.

आता रोजचं काम. पहिला आठवडा काहीही न हलवता फक्त पाहायचं आणि लिहायचं: कुठल्या कपाटात, कुठल्या खणात, कुठल्या डब्यात काय आहे. डब्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, झाकण उघडल्या उघडल्याच. मग संग्रह, त्यात मालिका, मालिकेत फाइल आणि शेवटी एकेक नग, अशी उतरंड ठरते. प्रत्येक फोटोवर परिच्छेद लिहायला बसलात तर दोन महिन्यांत एक डबाही संपणार नाही. बऱ्याच ठिकाणी पूर्ण पाकिटाची मिळून एकच नोंद पुरते. कुठे थांबायचं आणि कुठे नाही, हे मॅडमना किंवा सरांना विचारत राहा.

हाताळणीचं म्हणाल तर स्वच्छ, कोरडे हात किंवा नायट्रिलचे हातमोजे. सुती हातमोज्यांत कडा अडकतात. टाचण्या आणि यू-पिना काढायच्या, पण ओढून नाही. गंजलेली टाचणी असेल तर खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून ती हळूच सोडवायची. रबरबँड लगेच काढा, त्यातलं गंधक फोटोतल्या चांदीला काळं पाडतं. सेलोटेप लागलेली असेल तर तिला हातही लावू नका, ते संवर्धन करणाऱ्यांचं काम. नवी पाकिटं आम्लरहित कागदाची किंवा पॉलिएस्टरची हवीत. बाजारात स्वस्त मिळतं म्हणून पीव्हीसी प्लॅस्टिक कधीही नको. क्रमांक घालायचा तो मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या बाजूला, कडेला, फोटो कडक सपाट जागेवर पालथा ठेवून. नंतरच्या काळातल्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तिथे क्रमांक पाकिटावरच लिहायचा आणि तोही फोटो आत घालण्याआधी.

चिकट पानांचे अल्बम तुम्हाला भेटतीलच, लग्नांत भेट मिळायचे तसले. आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्यायचा. मग दात साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवायचा. सुटला तर सुटला, नाही सुटला तर राहू द्यायचा. आणि पावसाळ्यात एकमेकांना चिकटलेले किंवा फ्रेमच्या काचेला चिकटलेले फोटो कधीही ओढू नका. वरचा थर जिलेटिनचा असतो. तो ओल पिऊन फुगतो आणि वाळताना काचेलाच धरून बसतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहतो.

मला सगळ्यात जास्त रमवलं ते तारखा लावण्याच्या कामाने. माउंटवर पूना विद्यापीठाचं नाव असेल तर फोटो 1949 नंतरचा, कारण विद्यापीठच तेव्हा झालं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती. गणवेशातल्या मुलांच्या फोटोवर एन.सी.सी. लिहिलं असेल तर 1948 च्या अलीकडचा, त्याआधी यू.टी.सी., म्हणजे विद्यापीठाची सैनिकी प्रशिक्षण तुकडी, असायची. कागदाच्या पाठीवर "इंदू" छापलं असेल तर तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कागद, म्हणजे प्रत 1967 च्या आधीची असू शकत नाही. डोक्यांकडे पाहा: पगड्या, काळ्या टोप्या, मग 1920 नंतर दिसू लागणारी गांधी टोपी, मग उघडी डोकी. एकाच रांगेत हे सगळं शेजारी शेजारीही असतं, म्हणून नुसत्या टोपीवरून तारीख ठोकू नका, पण दिशा मिळते.

एक किस्सा सांगते. एका फोटोच्या मागे पेन्सिलीने "1942" लिहिलं होतं. सवयीने मी त्यावर अतिनील टॉर्च मारला तर कागद निळसर चमकला. कागदात चमक आणणारी रसायनं साधारण 1950 च्या दशकापासून घालू लागले, म्हणजे ही प्रत 1942 ची नव्हेच. आधी वाटलं तारीख चुकली. मग भिंग लावल्यावर फोटोच्या आत दुसऱ्या कुठल्या तरी माउंटची कड दिसली. जुन्या फोटोचा फोटो काढून ही प्रत केली होती. चित्र 1942 चंच असावं, कागद नंतरचा. नोंदीत दोन्ही वेगवेगळं लिहायचं असतं. घाईत एकच तारीख टाकली असती तर पुढचा अभ्यासक चुकला असता.

निगेटिव्ह सापडल्या तर त्यांच्या कडा आधी वाचा. "सेफ्टी" छापलेलं असेल तर ती अॅसिटेट किंवा पॉलिएस्टरची, म्हणजे सहज पेट न घेणारी फिल्म. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेट सडू लागली आहे, ती ताबडतोब वेगळी ठेवा आणि वरिष्ठांना सांगा. "नायट्रेट" असं लिहिलेलं असेल तर डबा बंद करा, थंड जागी ठेवा आणि लगेच सांगा. ही फिल्म जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. 2003 मध्ये पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून जुन्या नायट्रेट फिल्म्सचा साठा गेला.

स्कॅनिंगबद्दल फार लिहीत नाही. 600 डीपीआय, टिफ फाइल, फोटोच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत, आणि पाठीवर काही असेल तर पाठही स्कॅन करा. फाइलला नाव न देता क्रमांक द्या. आणि एखादा सुंदर फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा मोह होईल, तो टाळा. आता फोटोचा स्वामित्वहक्क फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. शिवाय फोटोतल्या माणसांची घरं याच शहरात असतात.

आता ज्या फोटोसाठी मी हे काम पुन्हा करीन, तो. रसायनशास्त्र विभागाचा ग्रुप फोटो, 1930 च्या दशकातला. राखाडी माउंट, खाली छापील नावं: बसलेले डावीकडून, उभे डावीकडून, प्रत्येकाच्या पुढे पदवी. उभ्या रांगेच्या अगदी टोकाला, बाकीच्यांपासून वीतभर अंतर ठेवून, एक गृहस्थ उभे आहेत. फेटा, बंद गळ्याचा कोट, खांद्यावरून तिरका पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. कॅमेऱ्याकडे त्यांच्याइतकं सरळ रांगेतल्या कोणीच पाहिलेलं नाही. खाली त्यांच्या जागी एकच शब्द आहे, "प्यून".

त्या खोलीत कार्यालयाची जुनी पगारपत्रकंही होती. त्या वर्षाचं काढलं. शिपायांची तीन नावं होती, पुढे पगार आणि पगार घेतल्याचे अंगठे. तिघांतले कोण, हे फोटोवरून कळायला मार्ग नव्हता. पण फोटो प्रयोगशाळेच्या पाकिटात होता आणि ते पाकीट तोवर मी मोडलेलं नव्हतं. पगारपत्रकात एकाच नावापुढे "लॅबोरेटरी" असा शेरा होता. पुढच्या वर्षीच्या पत्रकातही तोच. म्हणून नोंदीत ते नाव चौकोनी कंसात लिहिलं, कारण आपण दिलेली माहिती कंसात टाकायची पद्धत आहे. खाली पुरावा कुठला तेही लिहिलं आणि "बहुधा" हा शब्द ठेवला. नाव इथे लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलेलं नाही. पण त्या कॉलेजच्या सूचीत आता ते नाव शोधलं तर हा फोटो निघतो. माझ्या हातून तीन महिन्यांत झालेलं सगळ्यात मोलाचं काम मी याला मानते.

तुम्ही इतिहासाच्या आहात म्हणून मुद्दाम सांगते. पाठ्यपुस्तकात साधनं तयार मिळतात. साधन कसं घडतं आणि कुठे कुठे हरवतं, ते या खोलीत स्वतःच्या हाताने पाहायला मिळतं. प्रबंधाला विषयही इथेच सापडू शकतो. माझ्या एका मैत्रिणीला वसतिगृहाच्या मेसच्या फोटोंमधून सापडला.

जागा घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. देखरेख कोण करणार, कारण एकटीने हे शिकता येत नाही. पाकिटं आणि खोके आले आहेत का, नाहीतर महिना कागदांची वाट बघण्यात जातो. आणि खोलीत ओल आहे का. धुळीची अॅलर्जी असेल तर मास्क रोज लावा, बुरशी दिसली तर नक्कीच.

माझं काम पूर्ण झालं नाही, दोन डबे राहिले. शेवटच्या दिवशी मॅडमनी एक कोरा कागद दिला आणि पुढच्या मुलीसाठी सगळं लिहायला सांगितलं: कुठपर्यंत आले, कशाला हात लावला नाही, कुठे शंका आहे, कुठे चुकले. मी पाकिटाची हकीकतही त्यात लिहिली. तो कागद पहिल्या राहिलेल्या डब्यात, झाकणाच्या आत ठेवला आहे. तुमच्या कॉलेजात असा कागद सापडतो का बघा, आणि सापडला तर डब्याला हात लावण्याआधी तो वाचा.