जॉब टेपर येतो? हेडस्टॉक सोडा, आधी टेबल पाहा

प्रश्न : टेबलावर बसवायचा छोटा लेथ नुकताच घेतला. चकात १२ मिमीचा माइल्ड स्टीलचा दांडा धरून १०० मिमी लांबीत टर्निंग केलं, तर मोकळ्या टोकाला व्यास ०.०८ मिमी जास्त भरतो, म्हणजे जॉब टेपर (निमुळता) येतो. हेडस्टॉकचे (चक फिरवणाऱ्या भागाचे) बोल्ट सैल करून तो किंचित फिरवा, असा सल्ला मिळाला. फिरवू का? शिवाय, मिलिंग मशीनवर एंडमिल (बाजूनेही कापणारं फिरतं कटर) ड्रिल चकात धरली तर चालते का?

उत्तर : हेडस्टॉकला अजिबात हात लावू नका. तो एकदा हलला की जागेवर आणताना जीव मेटाकुटीला येतो, आणि दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. माझा पहिला संशय तुमच्या दांड्यावर आहे. १२ मिमीचा दांडा १०० मिमी बाहेर काढून आधाराशिवाय टर्न केला, तर टूलच्या दाबाने तो मागे वाकणारच. मोकळं टोक सगळ्यात जास्त वाकतं, म्हणून तिथे कट कमी लागतो आणि व्यास मोठा राहतो. जाडी दुप्पट केली की हे वाकणं सोळा पटींनी कमी होतं. म्हणून चाचणीसाठी २५ मिमीचा दांडा घ्या. मधला भाग थोडा खोल उतरवून दोन टोकांना दोन कॉलर (जाड राहिलेले पट्टे) ठेवा. टूलला नीट धार लावा, त्याची उंची दांड्याच्या मध्याला जुळवा आणि क्रॉस स्लाईड (टूल आतबाहेर नेणारा भाग) न हलवता दोन्ही कॉलरवरून एकच बारीक कट घ्या. टेलस्टॉक (दांड्याच्या मोकळ्या टोकाला आधार देणारा भाग) लावू नका. तो स्वतःच बाजूला सरकलेला असेल तर निदान चुकेल. मग मायक्रोमीटरने दोन्ही कॉलर मोजा.

फरक गेला, तर लेथ निर्दोष आहे. राहिला, तर बहुधा बेडला, म्हणजे लेथच्या खालच्या लांब पाटाला, पीळ बसलाय. छोट्या लेथचं बेड बारीक असतं. टेबल सपाट नसेल आणि बोल्ट आवळले, तर बेड टेबलाचाच आकार घेतं. सगळे बोल्ट सैल करा. कुठल्या पायाखाली फट आहे ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पाहा आणि तेवढीच शिम (पातळ पत्रा) सरकवून बोल्ट आवळा. पुन्हा कट घ्या. मोकळं टोक अजूनही मोठं असेल, तर टेलस्टॉककडच्या टोकाचा आपल्या बाजूचा पाय किंचित उचला. त्याने टूल जॉबकडे कलतं. टोक लहान येत असेल, तर पलीकडचा पाय उचला. सुतारकामाच्या लेव्हलवर विसंबू नका, इतका बारीक पीळ तिला दिसत नाही. तुमचा कट हेच इथे सर्वांत खरं मोजमाप. हे काम घाईने करू नका, एकदा नीट जमलं की पुढे प्रत्येक जॉबला त्याचा उपयोग होतो. टेबल लाकडी असेल तर दमट हवेत ते फुगतं, तेव्हा अधूनमधून चाचणी करत राहा.

टेलस्टॉक त्यानंतर. दोन सेंटरांमध्ये (टोकदार आधारांमध्ये) दांडा धरून तसाच कट घ्या. टेलस्टॉककडे व्यास मोठा आला तर टेलस्टॉक आपल्याकडे सरकवा.

आणि चकाची चावी हातात असेल तोवरच चकात. चावी सोडायची म्हणजे काढूनच, मशीन बंद असलं तरी. ही सवय पहिल्या दिवसापासून लागावी, असं मला फार वाटतं.

आता एंडमिल. ड्रिल चकात धरू नका. ते चक खालच्या दिशेच्या दाबासाठी केलेलं असतं; आडवा दाब आला की त्याचे जबडे एंडमिलची कडक शँक नीट पकडून ठेवत नाहीत. एंडमिल हळूहळू खाली सरकते आणि कट न सांगता खोल होत जातो. थरथरीने चकच टेपरच्या (निमुळत्या) पकडीतून निसटून पडू शकतं. कोलेट (शँक सगळीकडून आवळणारी फटींची नळी) घ्या, आणि ते स्पिंडलमध्ये ड्रॉबारने (वरून आवळायच्या लांब बोल्टने) घट्ट ओढलेलं असू द्या. कट घेताना एंडमिलचे दात जॉबला ज्या दिशेने ढकलतात, त्याच्या विरुद्ध टेबल सरकवा. छोट्या मशीनच्या स्क्रूमध्ये ढिलाई असते, आणि दात जॉबला ओढू लागले तर टेबल तेवढं अंतर झटक्यात पुढे जाऊन एंडमिल मोडते.